बिनवासाचा रंग आणि गल्लीचे हात

खांदा कॉलनीतली आमची बैठी घरं जोडीजोडीनं बांधलेली आहेत. दोन घरांत मधली भिंत एकच. त्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या बाईंना सगळी गल्ली 'सिस्टर' म्हणते. त्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, यजमान गेले, एकुलती मुलगी लग्न होऊन इस्राएलला स्थायिक झाली, पण संबोधन बदललं नाही. सिस्टर बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. मूळच्या कोकणातल्या, घरात बोलणं मराठीच. त्यांच्यात मार्च-एप्रिलात येणाऱ्या पेसाहच्या सणाआधी घर आतून-बाहेरून रंगवायचं आणि भांड्यांना कल्हई लावायची अशी रीत आहे. कल्हईवाला हल्ली मिळत नाही. भिंती मात्र सिस्टर दरवर्षी रंगवून घेत. चुन्यात थोडी नीळ टाकली की जो फिकट निळा येतो, तो त्यांच्या घराचा रंग.

हा चुना पावसाळ्यात बराचसा धुऊन जायचा आणि पेसाहला पुन्हा लागायचा. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मागच्या वर्षी मात्र समोरच्या घरातल्या गृहस्थांनी सल्ला दिला. हे तळोज्याच्या एका रसायन कारखान्यात शिफ्ट ऑपरेटर होते आणि गल्लीत अजूनही त्याच पदानं ओळखले जातात. "सिस्टर, दरवर्षी काय हा चुन्याचा खटाटोप? एकदाच दणकट ऑइलपेंट मारा आणि विसरा," ऑपरेटर म्हणाले. सिस्टरनी मारला. दोन गोष्टी घडल्या. त्या वासानं सिस्टरना अशी धाप लागली की ज्या दवाखान्यात त्यांनी नोकरी केली तिथंच त्यांना नाकाला नळी लावून झोपावं लागलं. आणि जुन्या चुन्यावर मारलेला तो दणकट रंग श्रावण यायच्या आत पापडासारखा सुटला. दवाखान्यात असताना सिस्टरनी शेजारच्या कॉटवरच्या सलाइनचा वेग स्वतः कमी करून नव्या नर्सला दोन शब्द सुनावले, असं कळलं. त्यावरून त्यांची तब्येत फार बिघडलेली नसावी असा गल्लीनं अंदाज काढला.

मुलीनं तसा अंदाज काढला नाही. यंदा पेसाहच्या आधी तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी आणि माझी बायको सिस्टरकडे चहाला बसलो होतो.

"आई, भिंतींचं काय करतेयस?"

"रंगवतेय. दुसरं काय करतात?"

"परत? परत तुला धाप लागणार आणि मी इथं रात्रभर फोन धरून बसणार? एक तर रंग सोड, नाहीतर घर सोड. इथं ये. आमच्या इमारतीच्या भिंती रंगवायला कुणी तुला सांगणार नाही."

"म्हणूनच येत नाही," सिस्टर म्हणाल्या.

मग त्यांनी आपला नवा शोध जाहीर केला. बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात त्यांनी बाहेरच्या भिंतींसाठी पाण्यात मिसळायचा, पर्यावरणाला सोसणारा, जवळजवळ बिनवासाचा रंग पाहून ठेवला होता. दुकानदारानं डबा उघडून दाखवला, तेव्हा सिस्टरनी त्यात नाक घातलं. "मला काही झालं नाही. दुकानदारालाच घाम फुटला," त्या म्हणाल्या.

"आई, असले नाजूक रंग एका पावसात वाहून जातात. दरवर्षी तेच करत बसणार का?"

"नाही वाहिला तर?"

"नाही वाहिला तर मी परत तोंडातून शब्द काढणार नाही. पण वाहिला तर तू घर विकायचं आणि माझ्याबरोबर यायचं. नव्याच्या सणाला मी येते, पाऊस संपलेला असेल. बघू."

नव्याचा सण म्हणजे त्यांचं नवं वर्ष. पावसाळ्याच्या शेवटाला येतं.

"ठरलं," सिस्टर म्हणाल्या. माझ्या बायकोच्या हातातला कप बशीवर वाजला. सिस्टर गेल्या तर मधल्या भिंतीपलीकडे कोण येणार, हा प्रश्न आमच्या घरात कधी उच्चारला गेला नव्हता.

"पण निकाल कोण देणार?" मुलीनं विचारलं. "तू तर देणार नाहीस. ऑपरेटर अंकल तर नकोच."

सिस्टरनी फोन माझ्याकडे वळवला. "हे. संपादक."

मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. ही बढती सिस्टरनी दिलेली आहे आणि ती नाकारायचे सगळे प्रयत्न फसलेले आहेत.

"चालेल," मुलगी म्हणाली. "काकांना कधी स्वतःचं मत असल्याचं मी तरी ऐकलं नाही."

अशा प्रकारे पंचाची नेमणूक झाली.

काम करायला गव्हाणचा पेंटर आला. हा सिस्टरचा जुना माणूस. दरवर्षी चुना तोच लावायचा. नवा डबा पाहून त्यानं झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"बाय, ह्याला वास नाय."

"म्हणूनच आणलाय."

"आमाला कसं कळनार भिंत झाली का नाय? डोला मिटून सांगायचो आमी, हिकडं मारलाय, तिकडं ऱ्हायलाय."

"डोळे उघडे ठेवून काम कर. मग कळेल."

"डोलं उघडं ठेवून तर कुनीबी करंल," पेंटर म्हणाला आणि परांची बांधायला लागला.

आधी जुना चुना आणि उरलासुरला ऑइलपेंट खरवडायचा होता. धूळ उडणार म्हणून सिस्टरना आमच्याकडे हलवलं. त्यांनी आमच्या घरात मधल्या भिंतीला खुर्ची लावली आणि तिथून, भिंतीला कान लावून, पेंटरवर देखरेख केली. "खिडकीखाली राहिलं!" त्या ओरडायच्या. पलीकडून पेंटर ओरडायचा, "तुमाला दिसतं कसं?" "ऐकू येतं!" खरवडलेल्या भिंतीतून वर्षांचे थर निघाले, एकावर एक, पोळीच्या पदरांसारखे. काही जास्त निळे, काही कमी. सिस्टरनी त्यातला एक तुकडा हातात घेतला, "ह्या वर्षी नीळ जास्त पडली होती, ह्यांच्या हातून," म्हणाल्या आणि केराच्या टोपलीत टाकला.

भिंत धुतली, नीट सुकू दिली. मग प्रायमर आणि त्यावर दोन हात. चुन्याच्या सवयीनं पेंटरनं रंगात भसाभस पाणी ओतायला घेतलं, तेव्हा सिस्टर घरातून औषध मोजायचा पेला घेऊन आल्या आणि डब्यावर लिहिलं होतं तेवढंच पाणी मोजून घातलं. "डोस," त्या म्हणाल्या. पेंटरनं पुढचे दोन दिवस रंगाला औषध म्हटलं. "बाय, औषदाचा दुसरा डोस कवा द्यायचा?"

सिस्टर त्या दिवसांत ओसरीवरच बसून होत्या. वास नव्हता, धाप लागली नाही. वास नाही ही बातमी मात्र गल्लीत पसरली आणि लोक भिंतीचा वास घ्यायला यायला लागले. बायका, भाजीवाला, सिलिंडर पोचवणारा, सगळे भिंतीला नाक लावून उभे राहायचे, काहीही आलं नाही की समाधानानं मान हलवायचे. ऑपरेटर सगळ्यात जास्त वेळ उभे राहिले.

"ह्यात दम नाही, सिस्टर," त्यांनी निदान केलं. "वास म्हणजे ताकद. आमच्या प्लांटला असं होतं, की जितका वास, तितका माल पक्का."

"तुमचं नाक तळोज्यालाच जमा झालंय," सिस्टर म्हणाल्या. "रिटायर होताना परत घ्यायला विसरलात."

रंग फिकट निळाच होता, चुन्यापेक्षा थोडा सपाट. पेसाह झाला. मग प्रश्न आला तो चाचणीचा. रंग टिकला की नाही, हे पंचानं ठरवायचं कशावरून? दुकानदारानं सांगितलं होतं की रंग उतरायला लागला की आधी त्याची पूड होते. भिंतीवर काळं फडकं फिरवून पाहा, पांढरं लागलं तर समजा संपलं. सिस्टरना फडकं मान्य नव्हतं. "फडक्याला काय कळतं? आम्ही ताप हातानं बघायचो." म्हणून असं ठरलं की दारालगतच्या भिंतीवर तळहात घासायचा आणि तळहात पाहायचा. पूड लागली तर सिस्टर हरल्या. नियम मी केला. सोपा होता, कुणालाही करता येण्यासारखा.

आता मागे वळून पाहिलं की तो नको इतका सोपा होता, असं म्हणावं लागतं.

जूनपासून पाऊस नेहमीसारखा होता. जुलैत तो पश्चिमेकडून आडवा आला आणि सिस्टरच्या भिंतीवर थेट आदळायला लागला. एका सकाळी ऑपरेटरची आरोळी ऐकू आली. "फाउल! फाउल! पंच बाहेर या!"

बाहेर येऊन पाहिलं तर सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि मोठी काळी छत्री भिंतीवर आडवी धरून होत्या. स्वतः पूर्ण भिजल्या होत्या.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"उभी आहे. स्वतःच्या घराबाहेर उभं राहायला बंदी आहे?"

"छत्री भिंतीवर आहे, सिस्टर."

"मी आडवी उभी आहे."

निर्णय असा दिला गेला की सिस्टरना छत्री स्वतःवर धरता येईल, भिंतीवर नाही. सिस्टर आत गेल्या. ऑपरेटर विजयी मुद्रेनं भिंतीजवळ आले, तळहात घासला, तळहात पाहिला. स्वच्छ होता. त्यांनी पुन्हा घासला, जास्त जोरानं. पुन्हा स्वच्छ. "अजून पाऊस बाकी आहे," ते म्हणाले.

याच काळात असं लक्षात आलं की मुलीला भिंतीचे फोटो रोज पोचतायत. पाठवणारे ऑपरेटर होते. एका दुपारी मुलीचा घाबरा फोन आला. भिंतीवर मोठा काळपट डाग आलाय, खिडकीच्या उजवीकडे, सगळा रंग सुटतोय. आम्ही तिघं भिंतीसमोर उभे राहिलो. डाग नव्हता. फोटो मागवला, त्यात डाग होता. पुन्हा भिंत पाहिली, डाग नव्हता. शेवटी माझ्या बायकोनं फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "अहो, हा अंगठा आहे."

तो ऑपरेटरांचा अंगठा होता, कॅमेऱ्यावर आलेला. सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मुलगी फोनवर विचारत राहिली, "आई, धाप लागली का? आई?" आणि सिस्टरना हसता हसता 'नाही' म्हणता येईना, त्यामुळे तिचा आणखी गैरसमज झाला.

गल्लीत आता दोन पक्ष होते. पण दोन्ही पक्षांची एक गोष्ट सारखी होती. जाता-येता प्रत्येक जण सिस्टरच्या दाराशी थांबायचा, भिंतीवर तळहात घासायचा, मग तळहात उजेडाकडे धरून पाहायचा. भाजीवाला वजन करायच्या आधी पाहायचा. सिलिंडरवाला सिलिंडर उतरवून लगेच पाहायचा. दूधवाला, केबलवाला, पलीकडच्या गल्लीतली माणसं. कुणी विचारलं, "काय पाहता?" तर उत्तर यायचं, "सिस्टर राहणार का जाणार, ते." माझी बायको दिवसातून कितीदा पाहायची ते तिनं सांगितलं नाही. पंचही नियमाप्रमाणे पाहत होता.

सगळ्यांचे तळहात स्वच्छच निघत होते. निदान पांढरं काही लागत नव्हतं.

पाऊस ओसरला. नव्याच्या सणाच्या आधी मुलगी आली. टॅक्सीतून उतरली ती बॅग तिथंच ठेवून भिंतीकडे गेली. आईला भेटणं नंतर. काळा टी-शर्ट घातला होता तिनं, मुद्दाम. गल्ली तोवर बाहेर जमलेली होतीच. मी स्टूल आणून दिलं. ती वर चढली आणि छपराखालच्या भागावर, जिथं पाणी सगळ्यात जास्त झोडपतं, तिथं तळहात खसाखसा घासला. हात टी-शर्टवर पुसला. टी-शर्ट काळाच राहिला. खिडकीखाली घासला. काळाच. कोपऱ्यात, जिथं दरवर्षी शेवाळ धरायचं, तिथं घासला. काळाच. कुठं फुगवटा नव्हता, कुठं पापुद्रा नव्हता. गल्लीतून एक बारीक आवाज उठला, शिट्टी होता होता राहिल्यासारखा.

मग ती दाराशी आली.

दाराच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, भिंतीचा एक मोठा लांबट तुकडा काळपट, तुकतुकीत, किंचित तेलकट झालेला होता. बाकी सगळी भिंत फिकट निळी आणि एवढाच भाग भज्यांच्या कागदासारखा. रोज पाहणाऱ्या आम्हा कुणालाच तो दिसलेला नव्हता.

"हे काय?" मुलीनं विचारलं.

 भाजीवाल्यानं हात पाठीमागे घेतले. मग एकेकानं घेतले.

"हे आम्ही," ऑपरेटर शेवटी म्हणाले.

"म्हणजे?"

"चाचणी."

"कुणाची?"

"सगळ्यांची."

मुलीनं गल्लीकडे पाहिलं. हात पाठीमागे बांधून शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी माणसं होती. तिनं ओठ दाबले, पण हसू नाकातून बाहेर आलं.

"काका," ती माझ्याकडे वळली. "निकाल."

बातमी लिहिताना कर्ता आणि कर्म नीट ठेवायचे, एवढंच मला आयुष्यात शिकवलं गेलं. "पावसानं रंग काढलेला नाही," मी म्हणालो. "जे झालं ते गल्लीनं केलेलं आहे."

"पण पैज होती रंग टिकतो का. कुणापुढे टिकतो, हे ठरलं नव्हतं. इथं टिकलेला नाही."

हे म्हणणं बिनचूक होतं. सिस्टरनी दाराच्या चौकटीला धरलं. माझी बायको माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होती की पंचपदाचे सगळे तोटे एकदम कळले.

"मुद्दा बरोबर आहे," मी म्हणालो. दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

तेवढ्यात मागून पेंटरचा आवाज आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं; निकाल ऐकायला गव्हाणवरून आला होता. "बाय, त्यो उरलेला डबा हाय ना?"

डबा होता. सिस्टरनी तो स्वयंपाकघरात, ओट्याखाली, लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवला होता. मुलीला हे पटेना. "आई! रंग स्वयंपाकघरात? तुला?" सिस्टरनी डबा आणला, झाकण काढलं आणि मुलीच्या नाकाखाली धरला. मुलीनं चेहरा आधीच आक्रसून घेतला होता. मग हळूहळू सैल केला.

पेंटरनं त्या तुकड्यावरचा मळ साबणाच्या पाण्यानं धुतला आणि ऊन खाऊ दिलं. तोवर सगळ्यांना चहा झाला. मग त्यानं ब्रश घेतला. सिस्टर नेहमीसारख्या त्याच्या अगदी शेजारी, हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. "इकडं राहिलं." "दिसतंय मला, बाय." "मग मार." "मारतोय." "खालून वर मार." "आता मीच खाली बसतो, तुमीच मारा."

मुलगी त्या दोघांच्या मागे उभी होती. मी बाजूला उभा असल्यामुळे मला दिसत होतं की ती भिंतीकडे पाहतच नव्हती. आईच्या पाठीकडे पाहत होती, ती वर-खाली कशी होते तिकडे. सिस्टर बोलत होत्या, भांडत होत्या, वाकून डब्यात पाहत होत्या आणि त्यांचा श्वास एकदाही अडकला नाही. तुकडा पुरा झाला, पुन्हा पूर्ण निळा झाला. सिस्टर अजून बोलतच होत्या.

"एवढंच?" मुलीनं पेंटरला विचारलं.

"येवढंच. बाकीची भिंत आजून दोन-तीन पावसाळं खाईल आरामात. ह्यो तुकडा मातर दरसाल मारावा लागनार. ही मानसं हात काय ठेवनार नायत."

सिस्टर एकदम वळल्या. गेले काही महिने त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते तेव्हा कळलं. "बघ," त्या मुलीला म्हणाल्या. "मला रात्रंदिवस तीच चिंता होती. रंग नाही टिकला तर घर जातंय आणि टिकला तर पेसाहला रंगवायचं काय? आता आहे ना. एवढा तुकडा दर पेसाहला."

"आई, तू घर विकण्यापेक्षा भिंत रंगवायला मिळणार नाही म्हणून घाबरली होतीस?"

"दोन्हीला. सारखंच."

 मुलीनं रस्त्यावरून बॅग उचलली आणि दारातून आत नेली. आतून तिचा आवाज आला, "पुढच्या पेसाहला मी येते. तो तुकडा मी मारणार. पाणी तू मोजायचंस."

निकाल आपोआप लागला होता, पंचाला विचारायचं राहून गेलं. गल्लीत टाळ्या पडल्या. भाजीवाल्यानं गाडीवरची कोथिंबीर सगळ्यांना एकेक काडी वाटली, का ते सांगता येणार नाही. माझी बायको रडत होती आणि ती हसतेय असं सांगत होती. "हात लावू नका!" सिस्टर सगळ्यांना बजावत होत्या. "वाळेपर्यंत कुणीही हात लावायचा नाही! हात मागे!"

सगळ्यांनी हात मागे घेतले. ऑपरेटरही हात मागे घेऊन, मान पुढं काढून, ओल्या तुकड्याजवळ गेले आणि नाक लावून जोरात श्वास घेतला.

"काही म्हणजे काहीच वास नाही," ते म्हणाले. "वाळला वाटतं."

आणि पूर्ण तळहात ठेवला.

पाची बोटं स्पष्ट उमटली. अंगठाही, जो फोटोत आला होता. पेंटरनं ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

"राहू दे," सिस्टर म्हणाल्या. "पेसाहला काढू."